आधी नजर, मग माऊस

मागच्या वर्षी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची निमंत्रणपत्रिका आठवीच्या मुलींनी संगणकावर तयार केली. छापील प्रत घेऊन त्या धावतच शिक्षक-कक्षात आल्या. "आपा, बघा ना, कशी झाली?" त्यांचे डोळे आनंदाने चमकत होते.

मी पत्रिका हातात घेतली. तिच्यावर अकरा रंग होते. अक्षरांचे नऊ प्रकार होते. चारही बाजूंना वेलबुट्टी, कोपऱ्यांत फुगे, मध्ये कारंजे आणि शाळेच्या नावामागे इंद्रधनुष्य होते. मी पत्रिका दोनदा वाचली आणि विचारले, "मेहनत खूप केली तुम्ही. पण कार्यक्रम कोणत्या तारखेला आहे?"

मुली पत्रिकेवर वाकल्या. तारीख सापडायला त्यांनाही वेळ लागला. ती एका फुग्यामागे अर्धी लपून बसली होती!

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण त्या दिवशी घरी जाताना मला माझ्या मामूंची आठवण झाली. चित्रकलेच्या तासाला संगणक शिकवावा का, आणि शिकवायचा तर कसा, या प्रश्नाचे उत्तर मला त्या आठवणीतच सापडले.

मी मूळची अकोल्याची. नोकरीसाठी अमरावतीला राहते. माझे मामू अकोल्यात पेंटर होते. दुकानांच्या पाट्या रंगवणे हा त्यांचा धंदा. लहानपणी शाळेला सुट्टी लागली, की मी त्यांच्याकडे जाऊन बसे. मामू आधी पत्रा घासून घेत. त्यावर पांढऱ्या रंगाचा हात देत. तो वाळला, की खडू लावलेली दोरी ताणून सरळ रेषा मारत. पण त्यानंतर ते लगेच ब्रश उचलत नसत. रस्ता ओलांडून पलीकडे जात आणि त्या कोऱ्या पाटीकडे बघत उभे राहत.

एकदा मी विचारले, "मामू, कोऱ्या पाटीत काय बघता?"

ते म्हणाले, "बेटी, पाटी दुकानदार वाचत नाही. रस्त्याने जाणारा वाचतो. म्हणून आधी त्याच्या जागेवर उभे राहून बघतो."

दुसरा एक प्रसंग मला चांगला आठवतो. बी-बियाण्यांच्या दुकानाची पाटी तयार होत होती. दुकानाचे मालक आले. पाटीवर बरीच मोकळी जागा बघून ते नाराज झाले. म्हणाले, "पेंटरभाऊ, एवढी जागा रिकामी काहून ठेवली? पैसे तर पुऱ्या पाटीचे घेऊन राहिले तुम्ही!"

मामू हसून म्हणाले, "शेठ, जागा रिकामी हाये म्हणून तर तुमचं नाव दिसून राहिलं."

मामूंनी कोणत्याही कला महाविद्यालयाची पायरी चढलेली नव्हती. पण डिझाइनचे दोन मोठे नियम त्यांनी मला असे सहज सांगून टाकले. पहिला, बघणाऱ्याच्या जागेवरून बघा. दुसरा, मोकळी जागा ही वाया गेलेली जागा नसते.

पुढे गावात फ्लेक्स छापणारी यंत्रे आली. जी पाटी रंगवायला मामूंना दोन दिवस लागत, ती तासाभरात छापून मिळू लागली. तीही स्वस्तात. मामूंचे काम हळूहळू कमी झाले. त्यांचे एक मित्रही पेंटर होते. त्यांचा हात मामूंपेक्षा चांगला होता, असे मामू स्वतःच सांगत. त्या मित्रांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग ऑटोरिक्षा चालवायला घेतली. त्यांच्या हातातला ब्रश सुटला तो सुटलाच.

मामूंनी वेगळी वाट धरली. ते रोज संध्याकाळी एका फ्लेक्सच्या दुकानात जाऊन बसू लागले. तिथे संगणक चालवणारा मुलगा वीस-एकवीस वर्षांचा होता. त्याची बोटे फार चपळ होती. पण कोणते अक्षर मोठे करावे, कोणते लहान ठेवावे, हे त्याला समजत नसे. पिवळ्या रंगावर पांढरी अक्षरे का वाचता येत नाहीत, हेही त्याला उमगत नसे. मामू शेजारी बसून सांगत, "नाव थोडे वर घे. तो फोन नंबर बारीक कर. ही चौकट काढूनच टाक." मुलगा बटण दाबत असे. एकाकडे नजर होती, दुसऱ्याकडे यंत्र होते. दोन वर्षांत मामू स्वतः माऊस चालवायला शिकले आणि त्या मुलाची नजरही तयार झाली. दोघांचेही भले झाले.

मुलांनो, माझे मत मी या अनुभवावरून बनवले आहे. ज्याच्याकडे नजर होती पण यंत्र नव्हते, त्याला धंदा सोडावा लागला. ज्याच्याकडे यंत्र होते पण नजर नव्हती, त्याचे काम कुणाच्या लक्षात राहिले नाही. म्हणून शाळेने या दोन गोष्टींची ताटातूट करू नये. चित्रकलेच्या तासाला मुलांना संगणकावर चित्र काढायला आणि डिझाइन करायला अवश्य शिकवावे. मात्र आधी नजर द्यावी, मग माऊस द्यावा.

नजर देणे म्हणजे काय? डिझाइनची काही तत्त्वे आहेत. त्यांची नावे ऐकून घाबरू नका. ती तुमच्या ओळखीचीच आहेत. संतुलन म्हणजे उर्दूतले तवाजुन. तराजूच्या दोन पारड्यांसारखे चित्राचे दोन्ही भाग एकमेकांना तोलून धरतात. प्रमाण म्हणजे तनासुब. कोणती गोष्ट किती मोठी असावी, हे त्यात येते. विरोध म्हणजे तजाद. काळ्या फळ्यावर पांढरा खडू उठून दिसतो, तो विरोधामुळे. पुनरावृत्ती म्हणजे तकरार. इथे एक गंमत लक्षात ठेवा. मराठीत 'तक्रार' म्हणजे गाऱ्हाणे. उर्दूत मात्र 'तकरार' या शब्दाचा एक अर्थ तीच गोष्ट पुन्हा पुन्हा होणे असाही आहे. एकच फूल साडीच्या काठावर शंभर वेळा येते, तेव्हा त्यातून लय निर्माण होते. शेवटचे तत्त्व म्हणजे एकता. पत्रिकेतले सगळे भाग एकाच घरातले वाटले पाहिजेत. आमच्या त्या पत्रिकेत अकरा रंग होते आणि अकराही रंग एकमेकांशी भांडत होते!

उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांना डिझाइन शिकणे जड जाईल, असे काही जणांना वाटते. मला नेमके उलटे वाटते. आपण दररोज तीन लिप्या लिहितो. मराठीचे अक्षर वरच्या शिरोरेषेला लटकलेले असते. इंग्रजीचे अक्षर खालच्या ओळीवर उभे असते. उर्दूचा नस्तालीक शब्द उजवीकडून वरून निघतो आणि डावीकडे खाली उतरत जातो. एक लटकते, एक उभे राहते, एक उतरते. या तिघांना एकाच पाटीवर गुण्यागोविंदाने बसवणे ही डिझाइनची केवढी मोठी परीक्षा आहे! ती परीक्षा अकोल्या-अमरावतीचे पेंटर अनेक वर्षे देत आले. तुम्हीही ती वहीच्या पहिल्या पानावर रोज देता.

प्रमाण शिकायला तर आपल्या खत्तातीसारखा, म्हणजे सुलेखनासारखा, दुसरा गुरू नाही. खत्तात अक्षर मोजायला फूटपट्टी वापरत नाही. कलमाच्या टोकाने एक नुक्ता काढतो आणि त्या नुक्त्याने अक्षर मोजतो. नस्तालीकमध्ये अलिफाची उंची साधारण तीन नुक्ते धरतात. कलम बदलले, की नुक्ता बदलतो आणि नुक्त्याबरोबर सगळे अक्षर त्याच प्रमाणात लहान-मोठे होते. देवनागरीही पूर्वी अशाच तिरप्या कापलेल्या बोरूने लिहीत. बोरू आणि कलम ही एकाच घरातली भावंडे आहेत.

हे जुने ज्ञान संगणकात कसे उतरले, तेही ऐका. उर्दूची वर्तमानपत्रे पूर्वी कातिब हाताने लिहीत. नस्तालीक अक्षरे शेजारच्या अक्षराप्रमाणे आपले रूप बदलतात. त्यामुळे ती यंत्रावर बसवणे फार अवघड होते. पाकिस्तानातील मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडरूपे हाताने लिहून काढली. त्यांतून 1981 मध्ये नूरी नस्तालीक ही संगणकाची अक्षरे तयार झाली. पुढे 1994 मध्ये आपल्या देशात, दिल्लीत, इनपेज हा कार्यक्रम तयार झाला आणि उर्दू छपाईचे रूपच बदलले. मराठीच्या बाबतीतही असेच घडले. र. कृ. जोशी हे मुंबईचे नामवंत सुलेखनकार. त्यांनी संगणकासाठी 'मंगल' ही देवनागरी अक्षरे घडवली. ती विंडोज संगणकांबरोबर घरोघरी पोहोचली. या दोन्ही व्यक्तींनी आधी वर्षानुवर्षे हाताने अक्षर गिरवले होते. म्हणूनच त्यांना यंत्राला अक्षर शिकवता आले.

आता संगणकाकडे वळू. संगणकावर चित्र काढणे म्हणजे नेमके काय? पडदा हा बारीक बारीक चौकोनी ठिपक्यांचा बनलेला असतो. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा आणि निळा असे तीन प्रकाश मिळतात. प्रत्येक प्रकाशाच्या 0 ते 255 अशा 256 पायऱ्या असतात. 256 ला 256 ने आणि पुन्हा 256 ने गुणा. उत्तर येते 1,67,77,216. म्हणजे दीड कोटीहून अधिक रंग तुमच्यासमोर हात जोडून उभे असतात! मुलांना हे सांगितले, की ती हरखून जातात. मी मात्र त्यांना विचारते, "दीड कोटी रंगांतून तुम्ही तीन कसे निवडाल?" खरे शिक्षण या प्रश्नापासून सुरू होते.

एकदा मी वर्गात संत्री घेऊन गेले. आमच्या अमरावती जिल्ह्यातील वरुड आणि मोर्शीची संत्री प्रसिद्ध आहेत. मी मुलांना सांगितले, की संगणकावर या संत्र्याचा रंग तयार करा. सगळ्यांनी भराभर एकच झगझगीत नारिंगी रंग निवडला. मग मी प्रत्येक गटाला एक संत्रे दिले आणि ते पडद्याशेजारी धरायला सांगितले. मुले बघतच राहिली. संत्र्याच्या देठाजवळ हिरवी झाक होती. सावलीच्या बाजूला तपकिरी रंग होता. खिडकीकडच्या बाजूला जवळजवळ पांढरा ठिपका होता. एक मुलगा म्हणाला, "आपा, मी रोज संत्री खातो, पण आज पहिल्यांदा बघितले." मला त्या तासाचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

संगणकाची आणखी काही वैशिष्ट्ये समजून घेतली पाहिजेत. पडद्यावरचा रंग प्रकाशाचा असतो, कागदावरचा रंग शाईचा असतो. छापखान्यात आकाशी, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया वापरतात. त्यामुळे पडद्यावर लखलखणारा हिरवा रंग कागदावर फिका उतरतो. चांगल्या छपाईसाठी साधारणपणे एका इंचात 300 ठिपके लागतात. पाच इंच रुंद आणि सात इंच लांब पत्रिका घेतली, तर 1500 गुणिले 2100, म्हणजे 31,50,000 ठिपके हवेत. मोबाइलवर आलेले इवलेसे चित्र मोठ्या फलकावर ताणले, की ते चौकोन चौकोन होऊन फुटते, त्याचे कारण हेच. काही कार्यक्रम मात्र ठिपके साठवत नाहीत. ते रेषेचे गणित साठवतात. वर्तुळाचा मध्य कुठे, त्रिज्या किती, एवढेच लक्षात ठेवतात. असे चित्र कितीही मोठे केले तरी फुटत नाही. मी गणिताचीही शिक्षिका आहे. म्हणून मुलांना सांगते, की भूमितीच्या तासाला कंटाळू नका. तीच भूमिती चित्रकलेच्या तासाला तुमच्या उपयोगी पडणार आहे.

भूमिती आणि कला यांची मैत्री बघायची असेल, तर आपल्या वऱ्हाडातच चला. अकोला जिल्ह्यात अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या डोंगरात नरनाळा किल्ला आहे. त्याचा महाकाली दरवाजा 1487 मध्ये बहमनी काळात फतहुल्ला इमाद-उल-मुल्क यांनी बांधला. त्या दरवाजावर दगडात कोरलेली कमळे आहेत, अरबी शिलालेख आहेत आणि सज्जांना दगडी जाळ्या आहेत. त्या जाळ्यांपुढे शांतपणे उभे राहा. एक लहानसा आकार घेऊन कारागिराने तो पुन्हा पुन्हा कसा मांडला, ते दिसेल. भरीव दगड आणि पोकळ जागा यांचा तोल दिसेल. कमळ आणि शिलालेख एकाच दरवाजावर किती सुखाने नांदतात, तेही दिसेल. संतुलन, प्रमाण, विरोध, लय आणि एकता हा सगळा धडा पाचशेहून अधिक वर्षांपासून तिथे उभा आहे.

अशी नक्षी तुम्हीही काढू शकता. कागदावर एक चौरस काढा. तेवढाच दुसरा चौरस त्याच मध्यबिंदूवर 45 अंशांत फिरवून काढा. आठ टोकांचा तारा तयार होईल. हाताने असे चार तारे काढायला एक तासिका लागते. नंतर हाच तारा संगणकावर एकदा काढा आणि त्याच्या नकला मांडत जा. दहा मिनिटांत पडदा भरून जातो. आधी हाताने काढलेले असले, की यंत्राने किती श्रम वाचवले ते कळते. दगडावर छिन्नी चालवणाऱ्या कारागिराविषयी मनात आदरही निर्माण होतो. जो पहिल्या दिवसापासून नकलाच मांडतो, त्याला यांपैकी काहीच कळत नाही.

आमच्या काही घरांत सजीवांची चित्रे काढण्याविषयी संकोच असतो. त्या भावनेचा मान राखूनही डिझाइन उत्तम शिकता येते. भौमितिक नक्षी, पाने-फुले, सुलेखन, पुस्तकाचे मुखपृष्ठ, नकाशा, पाण्याची बचत सांगणारे भित्तिपत्रक अशी कामे थोडी का आहेत?

आता काही आक्षेपांचा विचार करू. पालक सभेत एक वडील मला म्हणाले, "आपा, ड्रॉइंग शिकून पोट भरते का? कॉम्प्युटर शिकवायचाच, तर टायपिंग शिकवा." त्यांची काळजी खोटी नव्हती. त्यांचा हातठेल्यावर फळे विकण्याचा व्यवसाय आहे. मुलाने लवकर कमावते व्हावे, असे त्यांना वाटते. मी त्यांना विचारले, "तुम्ही ठेल्यावर फळे कशी लावता?" ते म्हणाले, "मोठी पुढे, लाल आणि हिरवी आलटूनपालटून, आणि भावाची पाटी वर." मी म्हटले, "भाऊ, हेच मी शिकवते!" तेही हसले. आज पत्रिका, पुस्तके, कपडे, औषधांच्या खोक्यांवरील मजकूर, मोबाइलचा पडदा या सगळ्यांमागे कुणीतरी डिझाइन करणारा असतो. आपल्या रुपयाचे चिन्हच घ्या. देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' यांचा मेळ घालून ते डी. उदय कुमार यांनी तयार केले. त्या वेळी ते मुंबईच्या आयआयटीतील डिझाइन विभागात संशोधन करत होते. 2010 मध्ये भारत सरकारने ते चिन्ह स्वीकारले. थोड्याशा रेषांचे हे काम आज नोटांवर आणि दुकानांत दिसते.

दुसरा आक्षेप जुन्या चित्रकला शिक्षकांचा असतो. संगणकाने मुलांचा हात बिघडतो, असे ते म्हणतात. यात थोडे सत्य आहे. संगणकावर चूक लगेच पुसता येते, म्हणून मूल विचार न करता रेष मारते. पण साधन नवे आहे म्हणून कला खोटी ठरत नाही. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म 1915 मध्ये पंढरपूरला झाला. मुंबईत त्यांनी सुरुवातीला सिनेमाचे फलक रंगवले आणि पुढे ते जगप्रसिद्ध चित्रकार झाले. फलकाचा ब्रश त्यांच्या आड आला नाही. सय्यद हैदर रझा हे 1922 मध्ये जन्मले. ते आपल्या विदर्भात, नागपूरच्या कलाशाळेत शिकले आणि मग मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले. लहानपणी त्यांचे मन चंचल होते. तेव्हा प्राथमिक शाळेतील गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे एकटक बघायला सांगितले. तोच बिंदू पुढे रझांच्या चित्रांचा प्राण झाला. इंग्लंडचे चित्रकार डेव्हिड हॉकनी यांनी तर सत्तरी ओलांडल्यावर, 2009 पासून मोबाइलवर आणि 2010 पासून आयपॅडवर चित्रे काढली. त्यापूर्वी त्यांनी आयुष्यभर कागदावर आणि कॅनव्हासवर काम केले होते. त्यांचा हात बिघडला नाही, कारण त्यांची नजर तयार होती.

तिसरा आक्षेप अगदी नवा आहे. 2022 पासून केवळ एक वाक्य लिहिले, की चित्र तयार करून देणारे संगणक कार्यक्रम लोकांच्या हाती आले. मग शिकायचेच कशाला, असे मुले विचारतात. मी त्यांना म्हणते, "यंत्राने तुला दहा चित्रे दिली. त्यांतले चांगले कोणते, हे कोण ठरवणार?" निवड करायला नजर लागते. ज्याला संतुलन कळत नाही, त्याला दहाही चित्रे सारखीच वाटतात. यंत्र जितके हुशार होईल, तितकी नजरेची गरज वाढेल.

एक अडचण मात्र खरी आहे. आमच्यासारख्या शाळांत संगणक कमी आणि मुले जास्त. आमच्या संगणक कक्षात सहा संगणक आहेत आणि त्यांतले चार चालतात. वर्गात चाळीस मुले आहेत. वीज गेली, की तेही बंद. पण यातूनही मार्ग निघतो. वर्षाचे पहिले सत्र कागद, पेन्सिल, कात्री आणि रंगीत कागद यांवर काम करावे. दुसऱ्या सत्रात गट करून संगणकावर बसावे. प्रत्येक गटाने कागदावर आराखडा काढल्याशिवाय संगणकाला हात लावू नये. एकाने माऊस धरावा, बाकीच्यांनी मामूंसारखे लांबून बघून सांगावे आणि मग जागा बदलाव्यात. महागड्या कार्यक्रमांची गरज नाही. जिंप, क्रिटा आणि इंकस्केप हे चांगले कार्यक्रम विनामूल्य मिळतात. कामही खरेखुरे द्यावे. ग्रंथालयाचे ओळखपत्र, वर्गाचे वेळापत्रक, शाळेची तीन लिप्यांतील पाटी अशी कामे मुले मनापासून करतात. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांमध्ये संकल्पचित्र हा विषय असतोच. आपल्या मुलांनी त्या परीक्षांना अवश्य बसावे. ज्यांना पुढे जायचे आहे, त्यांच्यासाठी नागपूरला आणि मुंबईला शासकीय कलासंस्था आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कला आणि इतर विषय यांच्यात भिंत असू नये, असे सांगितले आहे. ती भिंत आपण आपल्या वर्गातच पाडू या.

त्या निमंत्रणपत्रिकेचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिलेच. मुलींनी ती पुन्हा केली. या वेळी त्यांनी आधी कागदावर तीनच प्रश्न लिहिले. वाचणाऱ्याला सर्वांत आधी काय दिसले पाहिजे? त्यानंतर काय? आणि काय नसले तरी चालेल? फुगे गेले, कारंजे गेले, इंद्रधनुष्य गेले. दोन रंग उरले. वर उर्दूत शाळेचे नाव, खाली मराठीत कार्यक्रम, मध्ये मोठ्या अक्षरांत तारीख आणि वेळ. भोवती भरपूर मोकळी जागा. एका कोपऱ्यात नरनाळ्याच्या जाळीची आठवण देणारा एकच आठ टोकांचा तारा.

मी ती पत्रिका घेऊन बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेले. मामू आता थकले आहेत. चष्म्याचा नंबर वाढला आहे. मी त्यांच्या हातात पत्रिका द्यायला लागले, तर त्यांनी ती घेतली नाही. मला म्हणाले, "तिकडे, दाराजवळ जाऊन उभी राहा आणि वर धर." मी दाराजवळ उभी राहिले. त्यांनी डोळे बारीक करून क्षणभर बघितले आणि तिथूनच तारीख वाचून दाखवली.

मुलांनो, संगणक शिका. मन लावून शिका. त्याला घाबरू नका आणि त्याच्यावर भाळूही नका. त्याच्यासमोर बसण्यापूर्वी एकदा रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांनी बघा. ही सवय एकदा लागली, की हातात ब्रश असो, कलम असो की माऊस, तुमचे काम लोकांपर्यंत पोहोचल्याशिवाय राहणार नाही.

स्वाध्याय

1. मामू कोऱ्या पाटीकडे रस्त्याच्या पलीकडून का बघत असत?
2. मराठी, इंग्रजी आणि उर्दू या तीन लिप्यांची अक्षरे ओळीवर कशी बसतात, ते तुमच्या शब्दांत लिहा.
3. 'तकरार' आणि 'तक्रार' हे शब्द वापरून दोन वाक्ये तयार करा. असे आणखी तीन शब्द शोधा, ज्यांचा अर्थ उर्दूत आणि मराठीत वेगळा आहे.
4. संगणकामुळे मुलांचा हात बिघडतो, हे मत तुम्हांला पटते का? कारणे देऊन आठ-दहा ओळी लिहा.
5. तुमच्या गावातील एखादी पाटी निवडा. ती वीस पावलांवरून वाचा. तिच्यात तुम्ही कोणता एक बदल कराल, ते वर्गात सांगा.